डांबरतेलाच्या तुळया आणि रघुनाथराव मिस्त्री

रघुनाथराव मिस्त्री यांचा माझा प्रथम परिचय कल्याणच्या लाकूडवखारीत झाला. मी तेथे नवा कारकून होतो. ते विलायतेहून आलेल्या देवदारी तुळईला नाक लावून वास घेत होते.

"हे डांबराचे तेल किती आत शिरले असेल, सांगता?" त्यांनी विचारले.

"मला नाही ठाऊक," मी गोंधळून म्हणालो.

"मलाही नाही," असे म्हणून ते प्रसन्नपणे हसले. सारे कल्याण ज्यांचा सल्ला घेते, त्यांनी असे का म्हणावे? आजही मला ते पुरते उमगलेले नाही.

दिवा गावाजवळ खाडीवरून मिठागरांकडे जाणारा पायपूल त्यांनीच बांधला. देवदार मऊ, उघड्यावर पावसात राहिले की त्याला बुरशी लागून ते कुजते. म्हणून तेल पाजलेल्या तुळया घातल्या. 'वीस वर्षे निर्धास्त' असा दाखला मी लिहिला, त्यांनी सही केली.

चौथा पावसाळा सरल्यावर ते पूल पाहायला गेले, तेव्हा मी सोबत होतो. हातोडीने ठोकता ठोकता ते एके ठिकाणी थांबले. आवाज बद्द येत होता. वरून मात्र लाकूड काळेभोर, कुठे चीर नाही. त्यांनी तत्काळ पुलाच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले.

मिठाच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका संतापल्या. "मिस्त्री, लाकूर त चांगला दिसतंय! आमी कवरा वळसा घालावाचा?"

"बाई, मला कारण सांगता येत नाही. पण जाऊ देणार नाही," ते म्हणाले. दुसऱ्या सकाळी ते स्वतःची होडी घेऊन आले आणि नवा पूल होईपर्यंत त्या बायकांना रोज पलीकडे पोचवीत राहिले.

पुढे ती बद्द वाजणारी तुळई उतरवून फोडली. आत माझा हात मनगटापर्यंत गेला; भिजल्या भाकरीसारखा भुसा हाती आला. बोल्टाच्या भोकांतून पाणी शिरले असावे, असे आम्ही ठरवले. मग शेजारची तुळई फोडली. तेच लाकूड, तेच तेल, तशीच भोके, आणि आत ठणठणीत!

वखारीच्या साहेबांनी मला बोलावून दाखल्याचा जाब विचारला. माझी नोकरी गेल्यातच जमा होती. रघुनाथराव न बोलावता आत आले. "अक्षर यांचे, शब्द माझा."

"मग वीस वर्षे कशाच्या आधारावर लिहिलीत?"

"तेव्हा मला ठाऊक आहे असे वाटत होते, साहेब."

त्यांच्याकडून पुलांची कामे काढून घेतली गेली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी आजवर एक शब्द ऐकला नाही. उलट माझ्या घरी येऊन, आता तरी जेवण जाते ना, एवढेच त्यांनी विचारले.

यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. आम्ही शाल घेऊन गेलो, तर ते परसात खड्डे खणत होते. कुणाला डांबरतेल, कुणाला मोरचूद, कुणाला काहीच नाही, असे देवदाराचे बारा खुंट त्यांनी आमच्याकडून पुरून घेतले. ते पंधरा वर्षांनी उपटायचे आहेत. कोणता टिकेल, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. परमेश्वराने रघुनाथरावांना निरोगी दीर्घायुष्य द्यावे आणि ते खुंट त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटावेत.