आपापले ताट घेऊन यावे

निघायच्या आदल्या दिवशी शोभाचा फोन आला. शोभा माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी, पण हुकूम सोडण्यात सगळ्या खानदानात पहिली. "सुमनताई, भिलाईले येऊन राहिली तर ये, पन माझ्या घरात एकही झिल्ली आनू नोको." झिल्ली (प्लास्टिकची पातळ पिशवी; छत्तीसगढात सगळे हाच शब्द वापरतात). मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पर्समध्ये घडी घातलेल्या दोन झिल्ल्या मुद्दाम टाकल्या. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कोणी असं दटावलं की तिचं डोकं फिरतं. माझं तरी फिरतं.

घर कुसुमवर सोपवलं. ती माझ्याकडे झाडू-भांड्याला येते. झाडांना पाणी कसं घालायचं ते तिला सांगितलं, चहा-साखर दाखवली, तिच्यासाठी डिस्पोजल कपांचं नवं पाकीट ओट्यावर काढून ठेवलं आणि नागपूरहून सकाळची गाडी धरली.

गोंदिया गेलं, डोंगरगढचा डोंगर गेला, राजनांदगावला गाडी उगीचच थांबली. दुर्ग मागे पडल्यावर लगेच सामान दाराशी न्यावं लागतं, कारण भिलाई नगरला गाडी फार वेळ थांबत नाही. स्टेशनवर भाऊजी, म्हणजे शोभाचे यजमान, आले होते. इथल्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यांनी तिथंच खर्च केलं. "संत्रा बर्फी आनली काय? मंग झिल्ली इथंच काढून घ्या." मी काढली नाही.

सेक्टर दहाचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत. कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स एकसारखी, पण अंगणं मात्र ज्याची त्याची वेगळी. कोणाकडे पपई, कोणाकडे वांगी, कोणाकडे नुसती स्कूटर. शोभाने फाटकातच माझ्या हातातली बर्फी घेतली, ती स्टीलच्या डब्यात काढली, झिल्लीची चार घड्या घालून पुडी केली आणि माझ्या पर्समध्ये कोंबली. "हे तुह्यासंग नागपूरले परत जाईन." पाणी विचारलं ते त्यानंतर.

जेवताना सगळा प्रकार कळला. इथल्या बुद्ध विहारात दर पौर्णिमेला भोजनदान होतं. विदर्भातून कारखान्यात आणि रेल्वेत कामाला आलेली आपली कुटुंबं जमतात, शेकडो पानं उठतात. आणि दर वेळी थर्माकोलच्या थाळ्या आणि प्लास्टिकचे गिलास मागच्या नालीत साचतात, गाई ते चघळत बसतात. शोभाने वर्षभर कमिटीचं डोकं खाल्लं, तेव्हा कमिटीने तिला एक पौर्णिमा दिली. एकच. नीट पार पडली तर पुढे तसंच, बिघडली तर पुन्हा डिस्पोजल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. ती पौर्णिमा परवाच्या रविवारी होती.

"गावभर लोखंड बनते, देशभराचे रूळ इथून जातेत, आन् आमी थर्माकोलात जेवतो," शोभा म्हणाली. "शरम नाही वाटाले पायजे?"

मग तिने मला कामाला लावलं. तुझं अक्षर चांगलं, भाषा चांगली, विहाराच्या फळ्यावर सूचना तूच लिही. स्तुतीला मी फार लवकर भुलते. त्याच संध्याकाळी जाऊन मी रंगीत खडूने, वेलांट्या सांभाळून लिहिलं: "रविवारी पौर्णिमेनिमित्त भोजनदान. येताना प्रत्येकाने आपापले ताट, वाटी व पेला घेऊन यावे." चार पावलं मागे सरून मी ते पुन्हा वाचलं आणि मला ते आवडलं.

शनिवारी आम्ही नेहरू नगरच्या बाजाराला गेलो. शोभाच्या खांद्यावर जुन्या चादरींच्या शिवलेल्या पाच पिशव्या, माझ्या हातात दह्यासाठी डबा. भाजीवालीने तिला लांबूनच ओळखलं आणि मला म्हणाली, "दीदी झिल्ली नइ मांगय, हमरो झिल्ली बांच जथे." (दीदी झिल्ली मागत नाहीत, आमचीही वाचते.) तिने लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, थेट पिशवीत टाकली, वर चार मिरच्या फुकट घातल्या. येताना ऑटो एका गतिरोधकावरून असा उडाला की डब्याचं झाकण निघालं आणि अर्धं दही माझ्या साडीवर आलं.

"झिल्लीत घेतलं असतं तर गाठ तरी मारता आली असती," मी खवळून म्हटलं.

"झाकन कोनं लावलं होतं?" शोभाने विचारलं. झाकण मीच लावलं होतं. ऑटोवाला तोंड फिरवून हसला.

संध्याकाळी साडी बदलून आम्ही वामनकाकांना आमंत्रण द्यायला गेलो. ऐंशीच्या पुढचे हे गृहस्थ कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, नोकरी करून निवृत्त झालेले, भंडाऱ्याकडचे. विहाराच्या विटा त्यांनी डोक्यावर वाहिल्या आहेत. शोभाचे वडील ती लहान असतानाच गेले. तिचं लग्न काकांनी जुळवलं, कन्यादान नाही म्हणायचं आपल्यात, पण बापाच्या जागी तेच उभे राहिले. त्यांच्या पत्नी देवकाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. काका आधी जेवायला बसतात आणि मग पंगत बसते, असा इथला रिवाज आहे.

जयभीम झाला, चहा झाला. काकांनी विचारलं, "फळ्यावर कोनं लिवलं?"

"मी लिहिलं, काका."

"अक्षर चांगलं हाये." मग ते शोभाकडे वळले. "पोरी, मी उद्या येत नाही."

शोभाला वाटलं तब्येत बरी नाही. "कावून काका? बरं वाटून नाही राहिलं काय?"

"तब्येत बरी हाये. आमच्या गावी पाटलाच्या घरी लगन असलं का आमी आठ दिस लाकडं फोडो. जेवनाच्या दिशी सांगावा ये. आपापले ताट घेऊन या. हेच शब्द. मंग गोठ्याच्या मांगं बसाचं. वाढनारा वरतून टाके, ताटाले पळी लागू देत नसे. जेवून झालं का ताट तसंच घरी न्याचं, त्याईच्या विहिरीवर धुवाचं नाही."

काका सांगत राहिले.

"भिलाईले आलो, प्लांटमधी लागलो. पयल्या दिशी कँटिनमधी गेलो तं गमछ्यात ताट बांधून नेलं. मले वाटलं न्या लागते. कँटिनवाला हासला आन् ढिगातली एक थाळी माह्या हाती देल्ली. माह्या आंगोदर तिच्यात कोन जेवलं, माह्या नंतर कोन जेवलं, कोनाले काय मालूम. त्या दिशी मी तीन वेळा भात घेतला." काकांनी कप खाली ठेवला. "थर्माकोल वाईट हाये, मले समजते. गाई खातेत. पन त्याच्यावर कोनाचं नाव नसते. ताट घेऊन मी आता कोनाच्या दारी जेवाले जात नाही."

आम्ही चालत घरी आलो. मला माझीच लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. माझ्या वडिलांनी हीच गोष्ट मला सांगितली होती, गाव तेवढं वेगळं. मी ती ऐकली होती, शाळेत भाषणात सांगितली होती, आणि तरी तेच शब्द वेलांट्या सांभाळून फळ्यावर लिहून आले होते. शोभाला मी म्हटलं, "चूक माझी आहे." ती म्हणाली, "सांगितलं मी होतं."

घरी पोचतो तोच कमिटीच्या सचिवांचा फोन. काका येत नाहीत ही बातमी आमच्या आधी पोचली होती. "काका नाही तं अर्धे लोक येनार नाहीत, वहिनी. डिस्पोजल सांगून ठेवू काय?"

हो म्हटलं असतं तर उद्याचं जेवण सुरळीत झालं असतं, काकाही आले असते. पण शोभाची पौर्णिमा तिथंच संपली असती. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "नोको. आन् काका बी येतीन."

फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. "काका ढीग म्हनाले ना? कँटिनचा ढीग? आपन ढीगच करू. कोनी आपलं ताट आपल्या हाती आनाचं नाही. सकाळी आपन घरोघरी जाऊन ताटं गोळा करू, सगळे एकात एक मिसळू. ज्याच्या हाती जे येईन त्याच्यात तो जेवन."

"मम्मी, और धोएगा कौन?" तिच्या मुलीने, रश्मीने विचारलं. ही पोरगी घरात अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलते.

"मी धुईन," भाऊजी म्हणाले. त्यांचं त्या दिवसाचं ते पहिलंच वाक्य असावं.

रविवारी उजाडताच मी विहारात जाऊन फळा पुसला. ओल्या फडक्याने दोनदा पुसला. लिहिलं: "ताटे सर्वांची. रिकाम्या हाताने यावे." तेवढंच.

मग आम्ही निघालो. रश्मी स्कूटर चालवते, मी मागे पिशवी धरून, शोभा भाऊजींच्या गाडीवर. आपल्याकडे स्टीलच्या ताटावर नाव घालायची पद्धत आहेच, पण भिलाईत ती जरा जास्तच आहे. लग्नात आलेलं, रिटायरमेंटला मिळालेलं, सासूने दिलेलं, प्रत्येकावर टोचून टोचून नाव. त्यामुळे देताना लोकांचा जीव अडकत होता. एक बाई फाटकाशी ताट छातीशी धरून उभी राहिली. "माझ्या सासूच्या नावाचं हाये. दुसऱ्याच्या हाती गेलं तं?"

"जावं म्हनूनच नेऊन राहिलो, काकू," शोभा म्हणाली. बाईने सोडलं, पण दोन बोटं जरा उशिराच निघाली.

काकांच्या फाटकाशी शोभाने ताट मागितलं नाही. बाहेरूनच सांगितलं, "काका, विहारात कँटिन लागलं हाये. ढिगातलं ताट घ्याचं." तेवढं सांगून आम्ही पुढे गेलो.

दुपारी लोक आले, पण बेताचेच. ढिगातून ताट उचलायचं, नाव वाचायचं, हसायचं, असं सुरू झालं. एक पोलादी मिशांचा रेल्वेवाला ताट उंच धरून म्हणाला, "आज मी सौ. शांताबाई." सगळी रांग हसली. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पहिली पंगत काकांशिवाय बसली. शोभा वरण वाढत होती, पण नजर फाटकाकडे. दोनदा तिने वाटीबाहेर वाढलं. सचिव घड्याळ बघत होते. मागे भाऊजी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून टबात ताटं विसळत होते.

दुसरी पंगत उठत असताना काका आले. पांढरा शर्ट, काठी, खांद्याला कापडी पिशवी. कोणाशी न बोलता ते ढिगाशी गेले, पिशवीतून एक ताट काढलं, वरची चारपाच ताटं उचलून आपलं मध्ये सरकवलं. मग वरचं एक घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचं नाव वाचलं आणि रांगेत उभे राहिले. शोभाने त्यांना वाढलं. काका म्हणाले, "भात आनखी टाक."

शेवटची पंगत आम्हा कामकऱ्यांची. माझ्या हाती आलेल्या ताटावर नाव होतं: देवकाबाई. मी जागच्या जागी थांबले. काका टबाशी आपलं ताट धूत होते, कोणालाही धुऊ देत नव्हते. मी त्यांच्याकडे गेले. "काका, हे काकूंचं आलं मला. तुम्ही ठेवा, मी दुसरं घेते."

"बदलू नोको," काका म्हणाले. "तिले जिंदगीत गावच्या कोनी आपल्या ताटात जेवू देल्लं नाही. तिच्या ताटात कोनी जेवलं तं तिले बरंच वाटन. जेव."

मी जेवले. रडू येत होतं, तरी ताट पुसून जेवले.

नाली त्या दिवशी कोरडी राहिली. निघताना सचिव शोभाला म्हणाले, "वहिनी, पुढच्या पौर्णिमेले ताटं गोळा कराले किती वाजता निघाचं?" शोभाने "सात" म्हटलं आणि मगच खाली बसली.

सोमवारी परतीची गाडी धरली. शोभाने डब्यात पोळ्या दिल्या आणि डबा परत पाहिजे असं तीनदा बजावलं. दुर्ग सुटल्यावर पर्स उघडली तर तिने घडी घातलेली बर्फीची झिल्ली आणि माझ्या दोन, तिन्ही तशाच होत्या. या प्रवासात मी शोभाचा हट्ट बघायला गेले होते आणि चिडायला गेले होते. गोंदिया येईपर्यंत मी पोळ्या खात होते आणि माझ्या ओट्यावर कुसुमसाठी ठेवलेल्या त्या कपांच्या पाकिटाचा विचार करत होते. कप धुणं वाचतं म्हणून आणलेलं, असं मी स्वतःला सांगत आले होते. माझे कप तर कुसुमच धुते.

मंगळवारी सकाळी ती आली. झाडांना तिने नीट पाणी घातलं होतं. मी चहा केला आणि माझ्या लग्नातल्या स्टीलच्या कपात ओतून तिच्यासमोर धरला. तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"ताई, यावर तुमचं नाव आहे."

"असू दे," मी म्हटलं. "घे, निवेल."