बाबांनी रंगवलेली कूलरची टाकी

गेल्या आठवड्यात कूलर काढला. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको, मार्च लागला की हे एक काम मानगुटीवर बसतंच... खस बदला, पंप बघा, टाकीला रंग मारा.

आमच्या घरी टाकीचा रंग हे खातं बाबांचं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे मनीषनगरला असतात आणि त्यांना रिकामं बसवत नाही. लेकीला रोज स्कूटरवर शाळेत सोडणं-आणणं पण तेच करतात. नवरा पुण्याला, माझी बस सकाळीच निघते... खरं सांगायचं तर आमचं घर बाबांच्या स्कूटरवर चालतं.

मी मिहानमधल्या एका कंपनीत लोखंडी पार्ट्सवरचं कोटिंग तपासते. पार्ट गंजू नये म्हणून त्यावर जो थर दिलेला असतो तो नक्की कशाचा आहे, किती जाड आहे, टेप लावून ओढला तर निघून येतो का, हे बघायचं. आणि मग माल परत पाठवून सप्लायरचं ऐकून घ्यायचं. त्या आठवड्यात एकाने फोनवर विचारलं, मॅडम, तुम्हाला कधी काही पसंत पडतं का हो? राग पण नाही आला... उत्तर द्यायचाच कंटाळा आला.

तर, बाबांनी शुक्रवारी टाकी रंगवली होती आणि रविवारी ती मागच्या अंगणात वाळत होती. सोमवारी परस्पर एका सप्लायरकडे जायचं होतं म्हणून थर मोजायचं मीटर माझ्या बॅगेतच होतं. छोटंसं असतं, पत्र्याला टेकवलं की वरच्या थराची जाडी दाखवतं. म्हटलं चला, बाबांची जरा गंमत करू.

"बाबा, तुमच्या टाकीचं इन्स्पेक्शन आहे आज."

"कर ना वं. आपला माल पास होते."

उजवीकडे टेकवलं... मस्त जाड थर. मध्ये पण छान. डावीकडे टेकवलं तर आकडा एकदम खाली. म्हणजे तिथे फक्त जुन्या वर्षांचा रंग होता, नवा लागलाच नव्हता. काळ्यावर काळा, नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखं नव्हतंच ते.

मीटर बिघडलं असेल म्हणून शून्यावर आणून पुन्हा घेतलं. तेच. मग टाकी फिरवली, दुसरी बाजू, तिसरी, चौथी... प्रत्येक बाजूला डावीकडचा पट्टा कोरा. बाबा टाकी फिरवून फिरवून एकेक बाजू समोर घेऊन रंगवतात. म्हणजे दर वेळी त्यांच्या डाव्या हाताची बाजू सुटली होती.

बाबांचं काम असं नसतं हो. घरातल्या खिडक्या, कपाटं सगळी त्यांनीच रंगवलेली आहेत, एक ओघळ सापडायचा नाही. आणि हलगर्जीपणा असता तर कुठेही सुटलं असतं. चूक सारखी एकाच जागी दिसली की मालाकडे नाही, रंग मारणाऱ्याकडे बघायचं, एवढं इतक्या वर्षांत शिकलेय मी.

आत जाऊन चहा केला. कप घेऊन बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, काही न बोलता कप पुढे धरला. ते समोर बघत बसले होते, तसेच बसून राहिले. कप त्यांच्या खांद्यापासून वीतभर लांब होता, आणि त्यांना तो दिसलाच नव्हता.

जराशाने मान वळवली तेव्हा दचकले. "तू कधी आली वं?"

मला चहा बिहा काही सुचेना. डोळ्यांपुढे फक्त स्कूटर येत होती, आणि मागे बसलेली माझी पोरगी.

सोमवारी सप्लायरला नाही म्हणून कळवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोक्याचा स्कॅन करायला पाठवलं. मेंदूत छोटासा झटका येऊन गेला होता, कधी ते बाबांनाही कळलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेलीय. मेंदू आपला आपण पोकळी भरून घेतो, म्हणून माणसाला आपल्याला कमी दिसतंय हेच समजत नाही म्हणे. गोळ्या सुरू झाल्या. गाडी बंद.

येताना ऑटोत बाबा म्हणाले, "परवा वर्धा रोडवर एक जण शिव्या देऊन गेला मले. मले वाटलं त्याचीच चूक हाय."

मी त्यांचा हात धरून बसले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्यापुढे ठेवली. वाद नाही, चिडचिड नाही. फक्त विचारलं, "मंग पोरीले कोण सोडन?" त्या प्रश्नाचीच धास्ती होती मला. उद्यापासून आपला काही उपयोग नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. म्हटलं बाबा, ऑटो लावू, पण तिला एकटीला नाही पाठवायचं, तुम्ही सोबत बसायचं.

मग ते म्हणाले, "तिले माह्या उजवीकडे बसवत जा. दिसली पाहिजे ना मले."

आज सकाळी तसेच बसून गेले दोघं. ऑटो वळेपर्यंत मी गेटपाशी उभी होते, थोडं रडून घेतलं आणि मग धावत जाऊन कंपनीची बस पकडली. खूप थकलेय... पण वेळेत कळलं. देवाकडे आणखी काय मागू?