सशाची धार आणि झेंडूच्या पाट्या

आमचा झेंडूचा मळा होता. तोडलेली फुलं ओसरीवर पाट्यांत भरायची आणि सकाळी नाशिकच्या बाजारात न्यायची. त्याच ओसरीवर मुलीनं हट्टानं देवळाली कॅम्पातून आणलेला ससा होता. वयात आला तसा तो शेपटी उचलून धार मारायला लागला. भिंतीवर, माझ्या लुगड्यावर, शेवटी फुलांवर. मूत लागलेली फुलं देवासाठी कशी विकायची? भरली पाटी उकिरड्यावर ओतली.

"आई, खोडकर हाय तो."

"खोडकर नाय, माजलाय. बैल असता तर खच्ची केला असता."

मी रोज ती जागा शेणानं सारवायची. सारवण वाळायच्या आत तो तिथंच पुन्हा मुतायचा. बैल खच्ची करणाऱ्या डॉक्टरला विचारलं तर तो हसला.

"मावशी, एवढ्याशा जिवाला हात लावला तर मरेल. नर आहे, जागेवर आपला वास ठेवतो. तुम्ही पुसता, तो परत लावतो."

मग सशाला गोठ्यात पत्र्याआड डांबला आणि त्याचा कोपरा सारवायचा सोडला. धार कमी झाली, थांबली नाही. फुलं वाचली. पण गोठ्यात मुताचा कोपरा मुद्दाम राखावा लागला, याचा राग अजून जात नाही.