टाकीच्या झाकणातला श्वास

किसनराव मिस्त्रींना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसलाच नाही. परतूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. एका चालू इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून, त्याची लाकडी मूठ कानाला लावून ते पाठमोरे बसले होते. मी दोनदा हाक मारली. त्यांनी मागे न पाहता नुसता हात वर केला. इंजिनाचे म्हणणे संपल्यावरच ते माझ्याकडे वळले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट, आणि तेव्हा ते तिशीच्या आतच होते.

आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांचे शिष्य कार्बोरेटर, क्लच आणि पिस्टन यांच्यावर अधिकाराने लिहितील. मी पडलो कुंभार पिंपळगावचा बियाण्यांचा दुकानदार. मला पाना नीट धरता येत नाही, हे किसनरावांनी चारचौघांत अनेकदा सांगितलेही आहे. पण त्यांच्या एका नियमामागची हकिकत मला ठाऊक आहे. झिजलेली चेन दिसली की ते ती काढून खुंटीला टांगतात आणि नवी बसवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. यावरून गिऱ्हाइकांनी आरडाओरड केली, त्यांच्या हेकटपणाला नावे ठेवली. हा हेकटपणा कुठून आला ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आम्हा दोघा भावांत मिळून एक जुनी मोटारसायकल होती. थोरला नामदेव, म्हणजे माझा दादा, आणि मी. परतूरला माल पाहायला कधी तो जाई, कधी मी. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात एअर फिल्टरमधून ओंजळभर फुफाटा निघायचा, पावसाळ्यात प्लगात पाणी शिरायचे आणि चिखलाने ब्रेक धरायचे. किसनराव हे सगळे हसतमुखाने दुरुस्त करीत. त्या पहिल्या भेटीतही त्यांनी फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन दिला आणि मग चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीला बोट लावून म्हणाले, "भाऊ, गरारीचे दात झिजलेत. चेन आता भरवशाची न्हाई. बदलून टाका."

"पुढच्या खेपेला बघू, मिस्त्री," मी म्हणालो. दुकान उघडायची घाई होती.

पुढची खेप माझीच होती. पण मला ताप भरला, म्हणून दादा गेला. चेनचे त्याला सांगायचे मी विसरलो. परतताना, भर दुपारी, ओढ्याच्या उतारावर लिंबाच्या झाडापाशी चेन तुटली आणि मागच्या चाकात अडकली. खाली एक काळा दगड होता, त्यावर दादाचे डोके आपटले आणि तो तिथेच गेला. दादाच्या अंगावर दुसरी जखम नव्हती.

गाडी पुन्हा किसनरावांच्या शेडमध्ये गेली. त्यांनी नवी चेन, नवी गरारी बसवली आणि गाडी माझ्या हवाली केली. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा निघाले नाहीत, नंतरही कधी निघाले नाहीत. त्यांच्या मोठेपणाची पुष्कळ उदाहरणे या ग्रंथात असतील. माझ्यापुरते हे एकच पुरे आहे.

आणि मग गाडी बंद पडू लागली. सकाळी परतूरला जाताना सुरळीत जायची. तिथे पंपावर टाकी भरून दुपारी परतायला निघालो, की ओढ्याच्या उतारावर, त्याच लिंबापाशी, इंजिन दोन उचक्या देऊन गप्प व्हायचे. एकदा झाले, दोनदा झाले. तिसऱ्यांदा झाले तेव्हा तो योगायोग वाटेना. त्या जागी दुपारी चिमणीही बोलत नसे. ऊन असे स्थिर असायचे, की झाडाची सावलीसुद्धा बसवून ठेवल्यासारखी वाटे. पेट्रोल पाहायला म्हणून मी टाकीचे झाकण फिरवले, तर आतून एक लांब श्वास ऐकू आला. माणूस धावून येऊन थांबला, की जसा सोडतो तसा.

"दादा, माझं चुकलं. जाऊ दे," मी म्हणालो. किक मारली. गाडी सुरू झाली.

त्यानंतर दर खेपेला हेच. गाडी थांबायची, मी झाकण उघडायचो, तो श्वास यायचा, मी माफी मागायचो, आणि मग मला सोडले जायचे. दादा सकाळी सोडतो आणि दुपारी धरतो, कारण तो दुपारीच गेला, असा हिशोब मी मनाशी जुळवला होता. मी जेवेनासा झालो. एक दिवस तो मला सोडणार नाही, याची मला खात्री पटत चालली होती. आईने ओळखले. गाडी विहिरीत ढकला म्हणाली. पण दुकान त्या गाडीवर चालत होते.

शेवटी मी किसनरावांसमोर बसलो आणि सगळे सांगून टाकले. ते धम्म स्वीकारलेल्या घरातले. त्यांच्या वडिलांनी भुताखेतांना घराबाहेर काढले होते. ते हसतील, अशी मी मनाची तयारी केली होती. त्यांनी विचारले, "टाकी भरलेली असताना थांबती, का अर्धी असताना?"

"भरलेली असताना. परतताना."

"मंग मी येतो सोबत. जिथं बिघाड, तिथंच तपासनी. शेडमधी बसून काय समजन मला?"

त्याच दुपारी टाकी भरून आम्ही निघालो. ते मागे बसले होते. ओढ्याचा उतार आला, लिंब आला. दोन उचक्या, आणि शांतता. मी झाकण फिरवले. तो श्वास आला. किसनरावांच्या हातावरचे केस उभे राहिलेले मी पाहिले.  मग त्यांनी माझ्या हातून झाकण घेतले, ओठांना लावून फुंकले आणि उन्हात धरले. झाकणाच्या वर, मधोमध, तेलात कालवलेल्या शेंदराचा वाळलेला जाड थर होता.

"हे कोनी लावलं?"

"आईने. दादा गेल्यावर दसऱ्याला पूजा केली तेव्हा. आता दर वेळी गाडी थांबली, की आणखी लावते."

त्यांनी झाकण परत टाकीवर बसवले. मग म्हणाले, "चला, आईकडं."

त्यांच्या खिशात तार होती. तिथल्या तिथे ते थर खरवडू शकले असते. पण दुसऱ्याच्या घरची पूजा आपल्या हाताने पुसायची नाही, ही त्यांची रीत. ते दिवसही असे होते, की त्यांनी शेंदराला बोट लावले असते तर गावात भलतीच बोंब उठली असती. हे त्यांना माहीत होते आणि मलाही होते. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

आमच्या दारात ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "आई, ह्या झाकनाला बारीक भोक राह्यतं. पेट्रोल खाली गेलं की त्यातून हवा आत यायला पायजे. ते बुजलं. टाकी भरलेली असली की आत हवा थोडी, मंग ती जल्दी विरळ व्हती अन् पेट्रोल उतरत न्हाई. अर्धी असली की निभून जातं. झाकन उघडलं की बाहेरची हवा आत वढती, तोच तो आवाज. शेंदूर दिव्यावर लावा, मडगार्डवर लावा. हे भोक तेवढं तुमच्या हातानं मोकळं करा."

"तो शेंदूर हाय म्हून ह्यो जित्ता हाय," आई म्हणाली. "एक लेक गेला माझा. दुसरा द्यायचा का?"

"बिलकुल न्हाई. त्याच्यासाठीच आलो."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन तिने गोधडीचे दाभण आणले, झाकण मांडीवर घेतले आणि थर काढला. मान वर न करता तिने विचारले, "म्हंजी माझा नामा तिथं न्हाई?"

किसनराव म्हणाले, "ते मला माहीत न्हाई, आई. माझं काम गाडीपुरतं."

त्या दिवशी आईने त्यांना आत बोलावले, आमच्या पंगतीला बसवले. आमच्या घरात असे पहिल्यांदाच घडले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परतूरला सोडले, टाकी भरली आणि निरोप घेऊ लागलो. ते पुन्हा मागे बसले. "जिथं थांबत होती, तिथून पार झाल्याबिगर गाडी दुरुस्त म्हनत न्हाई मी."

लिंब आला. गाडी थांबली नाही. इंजिन एकसुरात चालले होते आणि झाड मागे सरकत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण दादा आता मला अडवतसुद्धा नाही, या विचाराने मला रडू फुटले. समोरचा रस्ता दिसेना. किसनरावांनी खांद्यावर हात ठेवला. "थांबवा, भाऊ. थांबायचं असन तर आपुन थांबावं."

आम्ही मागे चालत गेलो, गाडी ढकलत. लिंबाखाली किसनरावांनी झाकण फिरवले.

श्वास आला. तसाच लांब.

त्यांनी झाकण फुंकून पाहिले. आरपार हवा गेली. तार घालून पाहिली. भोक मोकळे होते. त्यांनी टाकीला कान लावला, इंजिनाला लावत तसाच, आणि खूप वेळ तसेच राहिले. मग डोक्यावरची टोपी काढून, त्या काळ्या दगडाकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "नामदेवभाऊ, चेन नवी हाय. मी सोता बसवली. त्या दिवशी चेन झिजलेली दिसली, तरी म्या गाडी जाऊ दिल्ती. ह्याची एकट्याची चूक न्हाई ती. आता असं कधी होऊ देनार न्हाई."

त्यांनी झाकण बसवले. गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून त्यांच्या शेडमध्ये ती खुंटी आली, आणि त्या दिवसापासून मी जेवू लागलो.

तो रस्ता आता डांबरी झाला आहे, पण लिंब आहे. मी तिथे थांबतो. झाकण उघडत नाही.

किसनरावांच्या कानाला आता थोडे कमी ऐकू येते, पण स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला कान लावला की अजूनही इंजिनाचे दुखणे त्यांना कळते. त्या दुपारी टाकीत त्यांनी काय ऐकले, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही. विचारायचे आहे, पण घाई नाही. त्यासाठी त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, गुडघे साथ देत राहोत, शेडमध्ये त्यांचा दरारा टिकून राहो. आणि कधीतरी मी धीर करून विचारलेच, तर त्यांनी हात पुसत एवढेच म्हणावे, "माझं काम गाडीपुरतं, भाऊ."