पूर्वेचा रकाना

"मौका पाह्यल्याशिवाय सही नाही, बाई." असं म्हणून ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि पायात चपला सरकवायचे. मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. आदिलाबादेत ते आमचे गिर्दावर होते, गावोगाव फिरून जमिनी तपासायचे. मी त्यांच्या हाताखालची कारकून, म्हणजे त्यांच्या हट्टाचं पहिलं गिऱ्हाईक.

तलमडुगूला एका बांधाचा वाद मिटला होता. दोन्ही भाऊ राजी, कागद तयार. तरी साहेब भर उन्हात बांधावर उभे. मी वैतागून म्हटलं, "साहेब, भांडणारे राजी आहेत. तुमी काऊन तापून राह्यले?"

"बांध राजी आहे का, ते पाहून राह्यलो."

आता अशा माणसापुढे कोणी डोकं फोडावं?

निवृत्त झाल्यावर काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला. उजवाही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले.

"बाई, जन्मभर आमी जमिनीच्या चार हद्दी लिहिल्या. पूर्वेला कोणाचं तरी नाव टाकलंच. जिथं पूर्वेला कोणीच नाही, असा एक मौका पाहायचा राह्यला. समुद्र. डोळा आहे तवर जातो."

त्यांच्या मुलीने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. ऐकतील तर शपथ! शेवटी मी आणि आमचे हे, दोघंही त्यांच्यासोबत रेल्वेत बसलो. गाव त्यांनीच निवडलं होतं, भीमुनिपट्टणम. पूर्वेच्या किनाऱ्यावरचं डच लोकांचं जुनं बंदर.

पोहोचलो तर झड लागलेली. आभाळ राखाडी, पाणी राखाडी. कुठे काय संपतं ते माझ्या दोन धड डोळ्यांना कळेना, तिथे त्यांचा अर्धा डोळा काय करणार? आमच्या ह्यांनी आपलं दडपून दिलं, "दिसला ना साहेब? केवढा!"

"ऐकू आला. ऐकीव गोष्टीवर सही होत नसते."

दोन दिवस पाऊस हटला नाही. छत्री धरून आम्ही त्यांना डचांच्या कबरस्तानात नेलं. दगडावरच्या अक्षरांवरून त्यांनी बोटं फिरवली. "कुठलं यांचं घर अन् कुठं ठरली हद्द!" एका जुन्या बंगल्याची चुन्याच्या भिंतीची जाडी वितीने मोजली. "बांधणाऱ्याला परत जायचं नव्हतं बरं," म्हणाले.

परतीचा दिवस उजाडला. पिशव्या दारात, रिक्षा खाली, आणि साहेब खाटेवर बसलेले. "तुमी जा. मी थांबतो."

माझा तोल गेला. "हट्टाला काही सीमा असते, साहेब!"

"तीच तर पाहायला आलो."

तिकिटं रद्द केली. दुसरं काय करणार?

पुढच्या सकाळी लख्ख ऊन पडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आमच्या ह्यांचा हात धरून ते पाण्यात उभे राहिले. मग जाळं विणत बसलेल्या एका कोळिणीला त्यांनी तेलुगूत विचारलं, "अवतल एवरिदि?" पलीकडचं कोणाचं आहे?

ती हसत सुटली. "एवरिदी कादु!" कोणाचंच नाही.

"पाह्यलं मी," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही त्यांना वेळ घालवायचा नव्हता.

वाळूत बसून त्यांनी रीतसर पंचनामा लिहिला. पंच म्हणून आम्हा दोघांच्या सह्या आणि त्या बाईचा अंगठा घेतला. पश्चिमेला जुनं दीपगृह. पूर्वेचा रकाना रिकामा सोडला आणि खाली झोकात सही ठोकली.

चार महिन्यांत उजवा डोळाही गेला. मग दर रविवारी मी जायचे आणि ते खिशातून तो कागद काढायचे. "वाचा बाई." मी वाचायचे. पश्चिमेला दीपगृह म्हटलं की ते मुद्दाम विचारायचे, "अन् पूर्वेला?"

"काही नाही, साहेब."

"बरोबर." आणि समाधानाने चहा मागायचे.

एकदा मी चेष्टा केली, "रिकामं बरं दिसत नाही. माझं नाव टाकू का?"

"खबरदार! मौका पाह्यला आहे मी."

या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला मुलीने तो कागद माझ्या हाती दिला. घडीवर फाटत आला होता. सवयीने मी मोठ्याने वाचायला लागले. पश्चिमेला जुनं दीपगृह, इथवर आले आणि थांबले. कोणी काही विचारलं नाही.