चुलीला निवतं

उखर्डूचा आवाज गावाला भोंग्यासारखा होता, असं कुणी म्हटलं तर त्याला राग यायचा. भोंगा वीज गेली की मुका होतो, आपण कधी झालो का, असं तो विचारायचा.

धरणगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात पंगतीचा एक रिवाज होता. आदल्या दिवशी कुंकू-अक्षता घेऊन घरोघर निवतं द्यायचं. घरटी एकच माणूस बोलवायचा असेल तर तसं सांगायचं, आणि अख्खं घर बोलवायचं असेल तर म्हणायचं, चुलीला निवतं आहे. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. पण हे झालं नुसतं निवतं. प्रत्यक्ष पत्रावळी मांडल्यावर गल्लोगल्ली हाक जायला हवी. हाक आल्याशिवाय कोणी जागचं हलत नसे. न बोलावता पंगतीत शिरणारा माणूस आणि कुत्रा यांत गाव फारसा फरक करत नव्हतं.

ही हाक मारायचं काम उखर्डूचं. त्याला कोणी नेमलं नव्हतं. त्याच्याकडे पोटापुरती कापसाची जमीन होती, एक बैलजोडी होती आणि देवानं दिलेला गळा होता. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवून उखर्डू नाव ठेवलं होतं. त्या वेळी तो इतका रडला की वेशीपलीकडचे लोक बघायला आले, असं जुनी माणसं सांगत. लग्न असो, बारसं असो की तेराव्याची गंधमुक्ती, धोतराचा सोगा खोचून तो निघायचा आणि ज्याला बोलवायचं त्या घरच्या कर्त्याचं नाव घेऊन हाक द्यायचा.

"रुपचंद नानानं घर, जेवाले चला होऽऽ!"

हाकेबरोबर त्याचे नियमही असत. घरधन्यानं स्वतः हाक मारायची नाही, ते भीक मागितल्यासारखं दिसतं. घरधन्यानं मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहायचं, बाकी उखर्डू बघून घेईल. भल्याभल्यांना त्यानं असं दारात उभं केलं होतं.

गावात त्याला फक्त रुपचंद नाना पुरून उरायचे. नानांना तीन हाका लागत. पहिल्या हाकेला ते टोपी शोधत, दुसरीला जोडा शोधत आणि तिसरीला कुणावर तरी उपकार केल्यासारखे उठत. शहाऐंशी सालच्या होळीवर सगळ्यांसमोर उखर्डू म्हणाला होता, "नाना, तुम्हले लेवाले यम येई ना, त्याले बी तीन हाका मारना पडतीन." सगळं गाव हसलं. नाना तेवढे हसले नाहीत.

त्याच वर्षी वैशाखात उखर्डूच्या लेकीचं, पुष्पाचं लग्न निघालं. मुलगा धुळ्याला एसटीच्या डेपोत कामाला. व्याही अभिमन आबा मोजकं बोलणारे, पण बोलले की टोचणारे. उखर्डूनं ठरवलं, अख्ख्या गावाच्या चुलीला निवतं. भाऊबंद म्हणाले, अंथरूण पाहून पाय पसर. तो म्हणाला, इतकी वर्षं गावाचं खाल्लं, एक दिवस गाव माझं खाईल. त्याची बायको भिकुबाई एवढंच म्हणाली की मग वरणाबरोबर बट्ट्या कमी पडायला नकोत. आणि त्या तिनं पडू दिल्या नाहीत.

दुपारी अक्षता पडल्या. वऱ्हाड जेवून तृप्त झालं. मग गावाची पंगत मांडली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्रावळींवर खडे ठेवले, वाढपी वरणाच्या बादल्या घेऊन उभे राहिले, आणि उखर्डू नव्या टोपीनं मांडवाच्या दारात हात जोडून उभा राहिला.

कोणी आलं नाही.

वरण घट्ट होऊ लागलं. बट्ट्या गार पडल्या, आणि गार बट्टी म्हणजे दगडाची मावसबहीण. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. खाटेवर सुपारी कातरत बसलेल्या अभिमन आबांनी रिकाम्या पत्रावळींकडे एकदा पाहिलं.

"व्याही, तुमनं गाव कितलं मोठं शे?"

"मोठं शे, आबा."

"मंग आज बठ्ठं बाहेरगाव गयं का?"

उखर्डूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे बोलणं धुळ्याला जाणार. तुझ्या बापाच्या दारी गावातलं कुत्रंही जेवायला आलं नाही, हे पुष्पाला जन्मभर चुलीपुढे बसून ऐकावं लागणार. त्याला मांडवाच्या कोपऱ्यात, मुंडावळ्यांखाली मान घालून बसलेली पोर दिसली. हे कोणी केलं, ते त्याला ठाऊक होतं. होळीचा सूड. नानांनी गाव फोडलं.

तो तरातरा घरामागे गेला. भिकुबाई कढईजवळ होती.

"काठी कोठे शे मनी? रुपचंदनी गाव फोडं. दखाडस त्याले."

भिकुबाईनं हात पुसले. ती कुडाजवळ गेली आणि टाचा उंचावून गावातल्या घरांच्या धाब्यांकडे बघत राहिली.

"धूर कोठे शे?" ती म्हणाली.

"कसाना धूर?"

"येवानं नसतं तं लोकेसनी घर रांधं असतं. एकबी घरवर धूर नही. बठ्ठं गाव उपाशी बसेल शे." मग तिनं नवऱ्याकडे वळून विचारलं, "हाक कोणी मारी?"

उखर्डू उभ्याचा उभा राहिला. पहाटेपासून त्यानं वाजंत्रीवाल्यांना दम दिला होता, आचाऱ्याशी दोनदा भांडला होता, वऱ्हाडाच्या बैलांनासुद्धा पाणी दाखवलं होतं. हाक तेवढी मारली नव्हती. दुसऱ्याच्या घरी तो कधी विसरला नसता. आज तो घरधनी होता, घरधन्यानं दारात उभं राहायचं असतं, तो उभा राहिला. गावाला वाटलं उखर्डू येईल. उखर्डूला वाटलं गाव येईल. शहाण्या माणसाचा गाढवपणा नेहमी असाच बेतशीर असतो.

तो सोगा खोचून निघाला तशी तिनं अडवलं. "तुम्ही कोठे चालनात? आबा दखी राहिनात. तुमनाच नेम शे ना? दारमां उभा रहा. मी जास."

"बाईमाणूस गल्लीमां हाका मारी?"

"ज्यासले भूक लागेल शे, त्या हाक ऐकतीन. बाईनी का माणूसनी, कोण दखस."

"आणि नावं? सून शे तू गावनी. मोठा माणसासनं नाव लेशी?"

 तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती कुडाच्या फटीतून निघून गेली.

उखर्डू पुन्हा दारात हात जोडून उभा राहिला.  मग वरच्या गल्लीतून एक बारीक, पण न थरथरणारा आवाज आला.

"झुंबर अक्कानं घर, जेवाले चला होऽ!"

झुंबर अक्का कोण, हे उमजायला त्याला क्षणभर लागलं. रुपचंद नानांची बायको. तोवर पुढची हाक आली, शेवंताबाईचं घर. मग प्रमिलाबाईचं. निवतं चुलीला होतं, तेव्हा जिची चूल तिचं नाव, असा साधा हिशेब भिकुबाईनं केला होता. एकाही मोठ्या माणसाचं नाव तिच्या तोंडून गेलं नाही आणि एकही घर सुटलं नाही. उखर्डू कान देऊन ऐकत होता. गावातली घरं त्याला डोळे मिटून सांगता आली असती. पण हाकेतली काही नावं कुठल्या घरची, ते त्याला कळेना. त्याला आपलीच लाज वाटली.

आणि मग गाव आलं. प्रत्येकाच्या हातात रिवाजाप्रमाणे आपापल्या प्यायच्या पाण्यानं भरलेला तांब्या, अंगावर धुतलेले कपडे, चेहऱ्यावर उपाशी माणसाचा राग. सगळ्यांत पुढे झुंबर अक्का आणि त्यांच्यामागे रुपचंद नाना.

"उखर्डू, सकायपासून आंग धोईसन बसेल शे मी," नाना गुरगुरले. "पोटमां कावळा मरी गयात."

"एक हाकमां कसा उनात, नाना?" उखर्डूनं विचारलं. 

"माले कोठे हाक मारी? हाक हिले मारी. हाई उठनी तुरत. मंग मी काय घर बसू?"

बायकांची पंगत नेहमी पुरुषांच्या मागून बसत असे. त्या दिवशी झुंबर अक्का सरळ समोरच्या ओळीत जाऊन बसल्या. आपलं नाव घेऊन बोलावलंय, आता उठायला सांगून दाखवा, असं त्यांच्या बसण्यातच होतं. त्यांच्या शेजारी शेवंताबाई बसली, मग बाकीच्या. उखर्डूनं नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अभिमन आबांनी सुपारी खिशात टाकली, बाह्या सारल्या आणि वरणाची बादली स्वतः उचलली. गाव खरंच मोठं होतं. त्यांनी वाढून वाढून कंबर धरली. पुष्पानं मान वर करून एकदा सगळी पंगत डोळे भरून पाहून घेतली.

उन्हं कलली, पुष्पाची पाठवणी झाली. गाव आपापल्या ओट्यांवर पान खात बसलं. भिकुबाई घरामागे रिकाम्या कढया विझल्या चुलीजवळ लावत होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून उखर्डूनं तिला 'ओ' आणि 'पुष्पानी माय' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. त्या काळी कुठला नवरा म्हणायचा.

त्यानं एक पत्रावळ मांडली, तिच्यावर खडा ठेवला. मग तो मांडवाच्या दारात गेला, सोगा खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि स्वतःच्याच घराकडे तोंड करून, खालच्या गल्लीपर्यंत जाईल अशी हाक मारली.

"भिकुबाईनं घर, जेवाले चला होऽऽ!"

ओट्यांवरची माणसं वळून बघू लागली. भिकुबाई बाहेर आली. लाजेनं तिचा चेहरा तांबडा झाला होता. गावानं ऐकलं असेल, जरा हळू बोलावं, असं ती पुटपुटली. पण रिवाजाप्रमाणे तांब्या तिनं भरून आणला होता. तो पत्रावळीशेजारी ठेवून ती मांडी घालून बसली, आणि उखर्डू वाढायला लागला.