आधी शरीर, मग मन

घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची. समोरच्याला न कळता वेळ बघता यावी म्हणून. लिहायची ते पेन्सिलीनं. कुणी काहीही सांगितलं की विचारायची, "म्हणजे कसं?" भाजीवाला एकदा म्हणाला, आज माल बरा नाही. त्यालाही तिनं तेच विचारलं. चपला टेबलाखाली काढून बसायची आणि उठताना एक शोधत राहायची. ‘वेडा’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला की माझा कान पिळायची. शेवटच्या चार महिन्यांत आणखी एक सवय लागली. बोलता बोलता थांबायची, नाक वर करायची, उठून शेगडीचं बटण बघून यायची. शेगडी बंदच असायची.

आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी साहित्य शिकून एका छापखान्यात मुद्रितं तपासते. ती समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाला होती. आठवड्यातले चार दिवस सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात बसायची. रुग्णाची हकीकत लिहून घ्यायची, आजार कोणता असेल ते ठरवायचं आणि विभागप्रमुख मॅडमना दाखवायचं, हे तिचं काम. प्रश्न विचारायला लागली की कुणाला सोडायची नाही, म्हणून वर्गात तिला ‘फौजदार’ म्हणत.

मॅडमनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आधी शरीर, मग मन. एखाद्याचं डोकं फिरलंय म्हणण्याआधी त्याचं डोकं दुखतं का, ते विचारा. आणि दुसरी: जो आजार शिकाल तो तुम्हालाच झालाय असं वाटेल, दर आठवड्याला वाटेल. हसा आणि सोडून द्या.

त्यामुळे आमच्या खोलीत हसणं फार होतं.

"या आठवड्यात काय झालंय, फौजदार?"

"सकाळी राणी, संध्याकाळी भिकारीण."

"आणि मागच्या आठवड्यातलं? बरं झालं?"

"त्याच्याकडे बघायला वेळच मिळाला नाही गं."

म्हणून ती पहिल्यांदा म्हणाली, "मला रबर जळल्याचा वास येतोय," तेव्हा मी विचारलं, "हा कितव्या धड्यातला?" ती हसली. मीही हसले.

पंधरा दिवसांनी ती हसली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "भास आहे तो. पुस्तकात आहे. तू कुणाला सांगायचं नाहीस."

"मॅडमना तरी सांग."

"सांगितलं की मी टेबलाच्या पलीकडे. कायमची. शपथ घे."

मी शपथ घेतली.

तिला भीती कशाची, ते मला माहीत होतं. तिची धाकटी मावशी पंचविसाव्या वर्षी मनोरुग्णालयात गेली, ती परत आली नाही. लहानपणी ही आईबरोबर दर महिन्याला तिथे जायची. पिशवीत धुतलेले कपडे, येताना मळलेले. त्याआधी घरात सगळे कौतुकानं म्हणायचे, पोरगी अगदी मावशीवर गेलीय. मावशी आजारी पडली आणि ते वाक्य घरातून गेलं. आता ही चोवीस वर्षांची होती.

तरी काम सोडलं नाही. नव्या विद्यार्थ्यांसाठी ती कार्डं करत होती. पुढच्या बाजूला दुखणं, माणसं घरी बोलतात त्या शब्दांत. मागच्या बाजूला आधी काय विचारायचं ते. भाषा तपासायचं काम माझ्याकडे. ‘घर खायला उठतं.’ ‘जीव थाऱ्यावर नाही.’ ‘डोक्यात भुंगा भुणभुणतो.’ मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडायचं नाही. मी पूर्णविराम देऊन परत करायची.

एके दिवशी एका शिंप्याला त्याची बायको घेऊन आली. "आमचे हे हल्ली गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जातात, ताई. चाळीस वर्षांत कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं."

हिनं विचारलं, "काका, डोकं दुखतं?"

"सकाळी दुखतं. ओकून टाकलं की बरं वाटतं."

हिनं पेन्सिल खाली ठेवली. मॅडमकडे जाऊन आधी मेंदूचा फोटो काढायला लावला. गाठ निघाली. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी काका स्वतःच्या पायांनी आले आणि तिच्या एप्रनच्या बाह्या टाचून गेले. म्हणाले, "किती लोंबताहेत, ताई. बघवत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना तिनं मला हे सगळं सांगितलं. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

मी म्हणाले, "तुझंही सकाळी डोकं दुखतं."

"झोप कुठे होते मला?"

"या आठवड्यात दोनदा ओकलीस."

"भीतीनं होतं तसं."

"मग एकदा तुझ्याही डोक्याचा फोटो काढ ना."

"माझं वेगळं आहे. मला मावशी आहे."

मी वाद घातला नाही. ती यातलं शिकलेली होती, मी नव्हते. मी मुद्रितं पुढे ओढली.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, ती एका म्हाताऱ्या बाईंची हकीकत लिहून घेत होती. बाई म्हणाल्या, मन लागत नाही. ही म्हणाली, "म्हणजे कसं?" आणि खुर्चीवरून खाली घसरली. मी पोचले तेव्हा तिला वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात नेलं होतं. चपला टेबलाखालीच होत्या.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मेंदूत लिंबाएवढी गाठ होती, तीत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने असणार. वासाचे भास, उलट्या, सगळं त्या गाठीमुळेच.

तिच्या आईनं डॉक्टरांना एकच विचारलं. "म्हणजे माझ्या बहिणीसारखं काही नव्हतं तिला?"

"नाही. मनाचा आजार नव्हता."

आई बाकावर बसल्या.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला कधी काही बोलली होती?"

"हो."

"कधीपासून?"

"चार महिने."

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत घातला.

काल छापखान्यात मुद्रितांच्या गठ्ठ्यात एक कार्ड सापडलं. तपासायला म्हणून तिनंच घातलं असणार. पुढे लिहिलंय: ‘काही जळत नसतं, तरी वास येतो’. पूर्णविराम द्यायचा राहिलाय. मागच्या बाजूला ‘आधी विचारा’ आणि त्याखाली पेन्सिलीनं, ‘१. डोकं’. पुढचं तिनं लिहिलेलं नाही.